आधी दप्तर, मग लॅपटॉप

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



चहाच्या वेळी आपल्यातल्याच एकाने विचारलं, "आमच्या पतसंस्थेत नवं सॉफ्टवेअर येतंय. तू इतकी वर्षं तलाठी होतास, तुमच्याकडे सुरुवात कशी झाली?" म्हणून तेवढंच सांगतो.

आमच्या प्रणालीचं नाव ई-फेरफार. फेरफाराची नोंद तलाठ्याने ऑनलाइन घ्यायची, मंडळ अधिकाऱ्याने ऑनलाइनच प्रमाणित करायची. प्रशिक्षण झालं, लॅपटॉप आला, डिजिटल सहीचं डोंगल आलं. पण काम सुरू झालं ते जुन्या दप्तराची गाठ सोडून.

कारण संगणकातला सातबारा पूर्वी कुणीतरी हस्तलिखितावरून टंकलेला होता. हस्तलिखितात, हक्क संपलेल्या खातेदाराच्या नावाला कंस करत असत. टंकताना कंस राहिला की मेलेला माणूस पुन्हा मालक! भलत्या नावाला पडला की जिवंत माणूस बेदखल. कुठे हेक्टर-आरची बेरीज जुळेना. कुठे एकाच माणसाची आठ-अ वर तीन खाती, कारण नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं. ऱ्हस्व-दीर्घावरून आम्हाला पट्टी खावी लागायची, तेव्हा फार राग यायचा. सर, तो राग तिथे गेला.

एकेक गट हस्तलिखिताशी ताडून पाहायचा. दिवसा सर्व्हर हलायचा नाही, म्हणून रात्री बसायचं. काहीजण म्हणत, "आधी ऑनलाइन करून टाकू, दुरुस्त्या मागाहून." मला हे कधीच पटलं नाही. चूक सहीनिशी बाहेर पडली की ती पीककर्जाच्या फाइलला लागते, खरेदीखताला लागते, आणि मग हेलपाटे शेतकऱ्याचे.

2017 साली चावडी वाचन झालं. संगणकातले सातबारे गावासमोर मोठ्याने वाचायचे. सगळ्या कामात मला हाच भाग मोलाचा वाटतो. आमच्या गावात एका गटाची नावं वाचून मी पुढे सरकलो, तोच मागून एक बाई उठल्या. "भाऊसाहेब, माझं नाव वाचलंच नाही की."

दीर म्हणाले, "असेल पुढं कुठंतरी, बसा." त्या बसल्या नाहीत.

हस्तलिखित काढलं. नवऱ्याच्या पश्चात वारस म्हणून त्यांची नोंद होती, फेरफार क्रमांकासह. संगणकात फक्त दोन दिरांची नावं होती. पंचनामा, प्रस्ताव, कलम 155 खाली तहसीलदारांचा आदेश, असं करत नाव लागलं. पुढे 1 मे 2018 ला डिजिटल सहीचे सातबारे सुरू झाले, तेव्हा त्या गटावर तीन नावं होती. वाचन टाळलं असतं तर दोनच नावांवर सही उमटली असती, आणि प्रणालीने काही तक्रार केली नसती. तिला काय, जे भरलं ते ती दाखवते.

तेव्हा मित्रा, विक्रेत्याचा माणूस स्क्रीन दाखवायला येईल, त्याच्याआधी तुमच्या जुन्या कारकुनाला बोलव. खतावणीतल्या कुठल्या पानावर काय गोम आहे, ते त्यालाच ठाऊक असतं. त्याला निवृत्तीला दोन वर्षं उरली म्हणून बाजूला बसवू नकोस. सभासदांना पासबुकं घेऊन बोलाव आणि शिल्लक त्यांच्यासमोर वाच. जुनी वही काही महिने सोबत चालू दे. काम दुप्पट होईल, कर्मचारी कुरकुरतील, चहा जास्त सांगावा लागेल. आणि मार्चअखेरीच्या धांदलीत तर मुळीच सुरू करू नकोस. बाकीचं जेवताना बोलू, माझ्याच शेजारी बस.