मोतीबिंदू आणि भिंगाची किंमत

बाजारपेठेच्या मार्गाने आरोग्यसेवा स्वस्त होऊ शकते का, या प्रश्नाचे एक ठोस उत्तर तामिळनाडूतील मदुराई येथे सापडते, जिथे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर 1976 साली अवघ्या 11 खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. ज्यांना परवडते त्यांनी बाजारभावाने शुल्क द्यावे आणि त्या शिलकेतून गरिबांवर मोफत किंवा अल्प दरात उपचार व्हावेत, अशी ही पद्धत असून अर्थशास्त्रात तिला ‘क्रॉस सबसिडी’, म्हणजे एका गटाच्या पैशातून दुसऱ्याचा भार उचलणे, असे म्हणतात. शस्त्रक्रियागृहात दोन टेबले शेजारी-शेजारी असतात. एका रुग्णाची शस्त्रक्रिया आटोपताच शल्यविशारद सूक्ष्मदर्शक दुसऱ्याकडे वळवतो, कारण तोवर परिचारिकांनी त्याची पूर्वतयारी केलेली असते, आणि डॉक्टरांचा मोलाचा वेळ असा वाचल्यानेच दरडोई खर्च उतरतो.

खरी अडचण होती ती मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायच्या कृत्रिम भिंगाची. आयात केलेले भिंग गरिबांच्या आवाक्याबाहेर असल्याने 1992 साली ‘ऑरोलॅब’ हा कारखाना उभा राहिला आणि त्याने भिंगाची किंमत आयात भिंगाच्या अल्पशा अंशावर आणली. केवळ स्पर्धा वाढवून हे साधले नसते, कारण आजारी माणूस भाव पाहत दारोदार हिंडू शकत नाही. उत्पादनखर्चच घटवावा लागला. ही भिंगे आज शंभराहून अधिक देशांत जातात.