वय झालं म्हणून सोडू नका



दिवसभराचे काम उरकून तुम्ही वर्गाला येता. म्हणून मी लांबण लावत नाही. आज डोळे आणि कान यांविषयी चार गोष्टी सांगतो.

म्हातारपणी दिसेना झाले, ऐकू येईना झाले, की आपल्याकडे एक वाक्य ठरलेले आहे. "वय झालं आता, चालायचंच!" मंडळी, वय होते हे खरे. पण या एका वाक्याने आपण कितीतरी माणसांना विनाकारण अंधारात बसवून ठेवतो.

आधी आपल्या वर्गाचेच पाहू. पन्नाशीचा माणूस पुस्तक हाती घेतो. फळ्यावरचे अक्षर त्याला नीट दिसते. पुस्तकातली अक्षरे मात्र एकमेकांत मिसळतात. तो पुस्तक लांब धरतो. डोके दुखू लागते. मग म्हणतो, "गुरुजी, आमच्या डोक्यात काही शिरत नाही." अहो, डोके चांगले आहे! डोळ्यांना चाळिशी लागली आहे.

आपल्या डोळ्यात एक भिंग असते. जवळचे पाहताना ते फुगते. चाळिशीच्या सुमारास ते ताठर होऊ लागते. मग सुईत दोरा ओवता येत नाही, तांदळातला खडा दिसत नाही. हा रोग नव्हे. योग्य नंबरचा चष्मा लावला की काम भागते. मात्र दुसऱ्याचा चष्मा उसना घेऊ नका. डोळे तपासूनच घ्या.

पुढे याच भिंगावर पांढुरकेपणा येऊ लागतो. तो मोतीबिंदू. सारे धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते. रात्री दिव्याभोवती वलय दिसते. मोतीबिंदू थेंबांनी जात नाही, झाडपाल्याच्या रसाने जात नाही. त्याला शस्त्रक्रिया हाच उपाय आहे. पूर्वी शस्त्रक्रियेनंतर जाड भिंगांचा चष्मा लावावा लागे. १९४९ साली लंडनमध्ये हॅरल्ड रिडली नावाच्या डॉक्टरांनी प्रथमच माणसाच्या डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले. आज आपल्याकडेही तसेच भिंग बसवतात. शस्त्रक्रियेला बहुधा अर्धा तासही लागत नाही.

"मोतीबिंदू पिकू द्या, मग पाहू," असे जुने लोक म्हणत. आता पिकण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. उलट फार पिकला तर डोळ्यातला दाब वाढून डोळा जाण्याचे भय असते. रोजच्या कामाला अडचण होऊ लागली, की डॉक्टरांना दाखवावे. अंधत्व रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्यातून सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते.

दुसरा आहे काचबिंदू. नाव सारखे, पण रोग निराळा. हा मुकाट येणारा चोर आहे. बहुधा दुखत नाही, खुपत नाही. डोळ्याची शीर हळूहळू सुकते आणि बाजूचे दिसणे कमी होते. यात गेलेली नजर परत येत नाही. वेळीच कळले, तर उरलेली राखता येते. म्हणून चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा. घरात आईवडिलांना काचबिंदू असेल, तर अवश्य. मधुमेह असणाऱ्यांनी चांगले दिसत असले तरी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासावा.

घरी एक सोपी परीक्षा करा. एक डोळा तळहाताने झाका आणि दुसऱ्याने भिंतीवरचे कॅलेंडर पाहा. मग डोळा बदला. एक डोळा चांगला असला, की दुसऱ्याचे दुखणे लपून राहते. डोळा एकाएकी लाल होऊन फार दुखला किंवा एकदम दिसेनासे झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता कानांकडे वळू. कधी कधी कानात नुसता मळ दाटलेला असतो. डॉक्टरांनी तो काढला, की ऐकू येते. आपण काडी घालू नये, गरम तेल ओतू नये. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र थांबू नका. लगेच दाखवा.

वयाचा बहिरेपणा हळूहळू येतो. कानाच्या आत अतिशय बारीक केसांच्या पेशी असतात. त्या झिजल्या की पुन्हा उगवत नाहीत. बारीक, उंच आवाज आधी हरवतात. 'आ' ऐकू येतो, पण 'स' निसटतो. म्हणून आपण "सात" म्हणावे आणि आजीने "हात" ऐकावे. पोरे हसतात. कोणी म्हणते, "साठी बुद्धी नाठी." बुद्धी शाबूत असते, मंडळी. शब्दच अर्धा पोचलेला असतो.

अशा माणसाशी ओरडून बोलू नका. ओरडल्याने शब्द अधिकच फुटतो. समोर या, चेहऱ्यावर उजेड असू द्या, टीव्ही बंद करा आणि सावकाश बोला. नाही कळले, तर तेच दुसऱ्या शब्दांत सांगा. पण "काही नाही, जाऊ दे" असे कधी म्हणू नका. हे वाक्य फार लागते. आज ते साध्या गोष्टीला म्हणता. उद्या शेताच्या वाटणीची, नातीच्या लग्नाची बोलणी चालतात आणि घरचा कर्ता म्हातारा खांबाला टेकून नुसता तोंडांकडे पाहत बसतो. मग तो विचारणेच सोडून देतो.

श्रवणयंत्राने पुष्कळांचा फायदा होतो. त्याची सवय व्हायला काही आठवडे लागतात. आरंभी भांड्यांचा आवाजही नकोसा होतो. म्हणून ते पेटीत टाकू नका. आधी घरात थोडा थोडा वेळ लावा. मग चार माणसांत लावा. २०१७ साली राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू झाली. तिच्यातून साठ वर्षांवरील गरजू वृद्धांना चष्मा, श्रवणयंत्र अशी साधने मोफत देतात. शिबिराची चौकशी ग्रामपंचायतीत करा.

तर मंडळी, आज घरी गेल्यावर एवढे करा. म्हाताऱ्या माणसासमोर बसा आणि विचारा, "आजी, तुम्हाला माझं तोंड नीट दिसतं का? माझं बोलणं नीट ऐकू येतं का?" उत्तर 'नाही' आले, तर तपासणीचा दिवस ठरवा आणि त्या दिवशी त्यांच्याबरोबर जा. एकटे पाठवू नका.