अभयदान बालकांना


आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने आपणांस बालपणापासून शिकविली गेली. त्यांतील अभयदान निराधार बालकांना कसे देता येईल, याविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा घेतो.

काही वर्षांपूर्वी जून महिन्यात एक भगिनी गणवेशाचे कापड घेण्यास माझ्या दुकानी आली. कर्जापायी तिच्या पतीने जीवन संपविले होते. धाकट्यापुरतेच कापड मागून ती म्हणाली, "थोरला आता कामाला जातो, भाऊ." मी दोघांचे कापड विनामूल्य दिले आणि कर्तव्य पार पडल्याचे समाधान मानले. थोरला मात्र शाळेत परतला नाही. एका गणवेशाने शाळा टिकत नाही. त्यासाठी दरमहा आधार लागतो, हे मला उशिरा उमगले.

तो आधार कायद्यात आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये अशा बालकांसाठी जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत आई किंवा वडील गमावलेल्या, अठरा वर्षांखालील गरजू बालकाला कुटुंबातच वाढता यावे म्हणून २०२३ साली दरमहा २,२५० रुपये अनुदान ठरले. वर्षाचे २७,००० झाले! व्यापाऱ्याच्या हिशेबाने सांगतो, एवढे साहाय्य आपण देणग्यांतून किती बालकांना देऊ शकू?

परंतु योजना कागदावर असते आणि आई शेतात मजुरीवर. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड, बँकेचे खाते. प्रत्येकापायी तिची मजुरी बुडते. पुन्हा यवतमाळची खेप निराळीच. अनुदानास विलंब झाला, तर चूल त्यासाठी थांबत नाही.

म्हणून माझी नम्र सूचना अशी. या सुवर्ण महोत्सवी वर्षापासून ट्रस्टने आठवड्यातून एक दिवस कार्यालय अशा कुटुंबांसाठी खुले ठेवावे. जातधर्म न पाहता त्यांचे अर्ज भरून द्यावेत. सेवानिवृत्त शिक्षक व कारकून बांधवांनी त्यासाठी वेळ द्यावा. अनुदान येईपर्यंतचा शैक्षणिक खर्च ट्रस्टने उचलावा. संकटातील बालकांसाठीचा १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आपल्या फलकावर ठळक लिहावा.

शासनाचा निधी हा आपल्याच कराचा पैसा आहे. तो योग्य हाती पोहोचविणे हेही दानच होय. त्या थोरल्या मुलाचे शल्य माझ्या मनात आहे. दुसऱ्या कुणाचे राहू नये, एवढीच प्रार्थना करून आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!