शेत हेंही धर्मशिक्षणाचें स्थान



प्रभु येशू ख्रिस्तानें सभास्थानांत शिकविलें, तसेंच डोंगरावर व सरोवराच्या तीरींही शिकविलें. पेरणारा, मोहरीचा दाणा, रानांतील फुलें हे त्याचे धडे होत. मग मुळशीसारख्या भाताच्या मुलखांत प्राथमिक शाळेंतील बालकांस आम्ही चार भिंतींतच कां बसवावें? राब भाजणें, रोप वाढविणें, चिखलणी, लावणी हीं कामें एकट्याचीं नव्हेत. शेजाऱ्यांस बोलावून इर्जिक घालतात व सर्व एकत्र जेवतात. शेजारप्रीतीचा याहून सोपा पाठ कोणता?

परंतु मुळशीचें धरणही मुलांस दाखवावें. मुंबईस वीज मिळावी म्हणून तेथील खाचरें बुडालीं. १९२१ ते १९२४ या काळांत सेनापति बापट व मावळांतील शेतकरी यांनीं त्याविरुद्ध सत्याग्रह केला. पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकांत पृथ्वीचा व दीनांचा आक्रोश एकत्र ऐकावयास सांगितलें आहे. जलाशयाचें सौंदर्य पाहून जो विस्थापितांस विसरला, त्याचें शिक्षण अपुरेंच राहिलें.

या ज्युबिलीप्रसंगीं आम्ही इतकेंच मागतों: मुलांस शेतावर न्या, गांवच्या वृद्धांस बोलतें करा, आणि त्यांच्यासह प्रभूचे आभार माना.