दोष सांगावा, पण समोर



हाताखालच्या माणसाचे चुकते आहे हे दिसूनही वर्षभर गप्प राहावयाचे आणि वर्षाअखेरीस अहवालात एक प्रतिकूल ओळ लिहून मोकळे व्हावयाचे, ही आपल्या कार्यालयांतील जुनी सवय आहे. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. परंतु साहेबाच्या भिडेची किंमत पुष्कळदा गावाला मोजावी लागते.

देव दत्त या सीमा रस्ते विभागातील अभियंत्याची बढती १९९३-९४ च्या अहवालातील ‘चांगला’ या शेऱ्याने अडली. बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ हा शेरा लागत होता आणि ‘चांगला’ हा शेरा त्यांना कळविलेलाच नव्हता. प्रतिकूलच नव्हे, तर प्रत्येक शेरा कर्मचाऱ्यास कळविला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २००८ रोजी दिला. मात्र शेरा कळेपर्यंत वर्ष सरलेले असते. काम सुधारावयाचे तर बोलणे वेळेवर झाले पाहिजे.

याचे उदाहरण गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत नवजात बाळांची घरोघरी सेवा सुरू केली. सेविका गावातल्याच, बेताच्या शिक्षणाच्या स्त्रिया. पर्यवेक्षक डॉक्टर दर पंधरवड्यास गावात जाऊन नोंदी पडताळीत आणि त्यांना पुढचे शिकवीत. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. प्रशिक्षण आणि औषधे यांचाही त्यात मोठा वाटा होता; परंतु बाळाचे श्वास मोजण्यातील चूक वार्षिक अहवालाची वाट पाहू शकत नाही, हे कोणीही मान्य करील.

पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा मार्ग तुटतो. अशा मुलखात एकट्याने काम करणाऱ्या वनरक्षकास, ग्रामसेवकास वा शिक्षकास कागदी ताशेऱ्याहून वरिष्ठाची भेट अधिक मोलाची असते. त्या भेटीत ‘तुम्ही आळशी आहात’ असे म्हणू नये. ‘तीन फेऱ्यांच्या नोंदी एकाच दिवशी लिहिलेल्या दिसतात, काय अडचण आली?’ असे विचारावे आणि उत्तर पुरते ऐकावे. कदाचित दोष आपण दिलेल्या कामाच्या वाटणीतच सापडेल. उणीव एकांतात सांगावी, चांगल्या कामाची वाखाणणी चारचौघांत करावी आणि पुढच्या भेटीचा दिवस तेथेच ठरवावा.

सरपंच आणि मुख्याध्यापक यांनाही हेच लागू आहे. ज्याची सुधारणा व्हावी असे मनापासून वाटते, त्यालाच आपण वेळेवर खरे सांगतो.