घरचें देणें

वैशाख शुद्ध तृतीयेला अन्यत्र अक्षय्य तृतीया म्हणतात. आम्ही खानदेशांतले लोक तिला आखाजी म्हणतों. नंदुरबार जिल्ह्यांतील धानोरा हें माझें गांव. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं स्वतंत्र झाला; तत्पूर्वीं तो धुळें जिल्ह्यांत होता, आणि त्याच्याही मागें पश्चिम खानदेशांत. सरकारी कागदांवर जिल्ह्याचें नांव पालटलें, पण आखाजीचा मान कांहीं पालटला नाहीं. दिवाळीला एखादे वेळीं घरीं येणें जमलें नाहीं तर चालेल, परंतु आखाजीला लेक माहेरीं आली नाहीं तर मायेच्या घशाखालीं घास उतरत नाहीं, अशी आमच्याकडची रीत आहे.

ह्या सणाविषयीं विचार करूं लागलों म्हणजे मला एक गोष्ट फार लक्षणीय वाटते. आखाजी हा हिशेबाचा दिवस आहे. शेतावर राबणाऱ्या सालदाराचें साल आखाजीला संपतें आणि आखाजीलाच नवें सुरू होतें. वर्षभराची उचल किती, राहिलेलें देणें किती, हें त्या वेळीं मालकाच्या ओट्यावर बसून ठरतें. त्याच दिवशीं घरांत दुसरा एक हिशेब चाललेला असतो. नवी मातीची घागर पाण्यानें भरून मांडतात, तिच्यावर डांगर किंवा आंबा ठेवतात, आणि गेलेल्या पितरांच्या नांवानें पूजा करतात. जे गेले त्यांचें देणें पाण्यानें फेडायचें. आणि तिकडे निंबाच्या फांदीला झोके बांधून माहेरवाशिणी गाणीं म्हणत असतात.

सालदाराचा हिशेब झाला, पितरांचाही झाला. पण जीं माणसें जिवंत आहेत, आपल्याच चुलीपाशीं बसलेलीं आहेत, त्यांच्या देण्याचा हिशेब कोण करतो? आज तुमच्यापुढें बोलायचें आहे तें ह्या तिसऱ्या हिशेबाविषयीं.

आमच्या खानदेशाचें भाग्य असें, कीं हा हिशेब मन लावून करणारीं तीन माणसें ह्या भूमीशीं जोडलेलीं आहेत. विनोबांच्या मातोश्रींना संस्कृत गीता समजत नसे; तेव्हां मराठींत गीता तूंच कां करीत नाहींस, असें त्या मुलाला म्हणाल्या. १९१८ सालीं त्या निवर्तल्या. आईचें तें सहज बोलणें विनोबांनीं बारा वर्षें मनांत वागविलें आणि मग ‘गीताई’ लिहिली. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत त्यांनीं गीतेवर प्रवचनें दिलीं, तीं साने गुरुजींनीं उतरून घेतलीं. पूर्वीं अमळनेरच्या शाळेंत शिक्षक असलेले हे गुरुजी पुढल्याच वर्षीं, म्हणजे १९३३ च्या फेब्रुवारींत, नाशिकच्या तुरुंगांत ‘श्यामची आई’ लिहावयास बसले. ह्या ग्रंथांत कोणती मोठी घटना आहे? कोठें पायाला माती लागूं नये म्हणून मुलानें धरलेला हट्ट, कोठें पोहण्याची भीति, कोठें घरांतली गरिबी. घरोघर घडतें तेंच. परंतु लिहिणाऱ्यानें तें देणें म्हणून ओळखलें, आणि म्हणून तें साऱ्या महाराष्ट्राचें झालें.

तिसरें नांव बहिणाबाई चौधरींचें. जळगांवजवळच्या असोद्याची ही लेक १८८० सालीं जन्मली. तिला लिहितां वाचतां येत नव्हतें. जात्यावर, शेतांत, चुलीपुढें ती गाणें रची आणि गाई. तीं गाणीं घरांतल्याच माणसांनीं कान देऊन ऐकलीं, कागदावर उतरलीं. म्हणून ३ डिसेंबर १९५१ रोजीं ती गेल्यानंतर पुत्र सोपानदेव तीं आचार्य अत्र्यांपुढें ठेवूं शकले आणि १९५२ सालीं पुस्तक निघालें. क्षणभर कल्पना करा, कीं त्या घरांत ऐकणारें कोणी नसतें. बाईची प्रतिभा तीच राहिली असती, पण पीठ दळून झाल्यावर जात्याची घरघर थांबते तशी ती थांबली असती, आणि कोणाला कांहींच कळलें नसतें.

हें सगळें मला पूर्वींही ठाऊक होतें. शाळेंत मीं ‘श्यामची आई’ वाचून रडलोंही होतों. परंतु पुस्तकांतल्या आईसाठीं रडणें सोपें असतें, श्रोतेहो! माझें स्वतःचें देणें मला फार उशिरां कळलें, आणि तें एका पाटीनें शिकविलें.

१९७२ सालीं महाराष्ट्रांत मोठा दुष्काळ पडला. आमचें कोरडवाहू शेत त्या वर्षीं पेरलें तसेंच करपलें. आबा आणि माय दुष्काळी कामावर खडी फोडावयास जाऊं लागलीं. घरीं आम्ही तीन लहान भावंडें आणि वडील बहीण, आमची ताई. ती चौथींत होती. धाकट्यांना सांभाळावयास कोणी हवें, म्हणून तिची शाळा सुटली. कोणीं तिला विचारलें नाहीं आणि तिनेंही कांहीं विचारलें नाहीं. दप्तर खुंटीवर अडकवून ती जात्यापाशीं बसली, इतकेंच.

पुढल्या जूनमध्यें मला शाळेंत घातलें. नवी पाटी घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून ताईची पाटी मला मिळाली. तिच्या लांकडी चौकटीवर ताईनें खिळ्यानें आपलें नांव कोरलें होतें. वर्गांतलीं मुलें हंसतील ह्या भीतीनें मीं विळ्याच्या टोंकानें तें नांव खरवडून काढलें आणि शेजारीं माझें नांव कोरलें. ताई तेव्हां भाकरी थापीत होती. तिनें पाहिलें. परातींतला हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालूं लागला. ती कांहींएक बोलली नाहीं, आणि मला त्यांत कांहीं वावगें दिसलें नाहीं.

त्यानंतर मी शिकलों, नंदुरबारच्या शाळेंत गेलों, पुढें नोकरीला लागलों. पहाटे चार वाजतां उठून माझी भाकरी कोण बांधून देई? ताई. मिरच्यांच्या तोडणीला जाऊन, बोटांची आग सोसून, माझ्या परीक्षेच्या फीची भर कोणीं घातली? ताईनें. ह्या गोष्टी मला ठाऊक नव्हत्या असें नव्हे. त्या मोजण्याजोग्या आहेत असें मला वाटलें नव्हतें. विहिरीचें पाणी रोज पिणारा माणूस विहीर खणणाऱ्याचें नांव विचारीत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

गेल्या आखाजीपूर्वीं घराची डागडुजी निघाली. माळ्यावरचें सामान उतरवितांना फुटक्या कणगीमागून ती पाटी निघाली. चौकटीवर माझें नांव धुरानें काळवंडलें होतें. मात्र शेजारची खरवडलेली जागा उजेडांत तिरपी धरली, तर मूळ अक्षरांचे व्रण अजून दिसत होते. मीं नांव पुसलें होतें. लांकडानें तें सोडलें नव्हतें.

सणाला ताई आली. तिचे केंस आतां पांढरे झाले आहेत. मीं पाटी तिच्या हातांत दिली. तिनें बोट फिरविलें आणि, चौथींत शाळा सुटलेली ती माझी बहीण, एकेक अक्षर लावून आपलें नांव वाचूं लागली. मला क्षमा मागायची होती. शब्द जुळवून ठेवले होते. पण तोंडून निघालें तें इतकेंच, “ताई, रस घे ना अजून.” ती हंसली आणि म्हणाली, “रस राहूं दे भाऊ, घागरीवरचें डांगर आणलें कीं नाहीं?”

त्या रात्रीं वही घेऊन मी तिच्यापाशीं बसलों आणि म्हटलें, ताई, जात्यावर तूं ज्या ओव्या म्हणत होतीस त्या सांग. तिनें पुष्कळ प्रयत्न केला. पांच सात आठवल्या. बाकीच्यांचा एखादा चरण तेवढा येई आणि तुटे. “जातेंच गेलें रे, आतां कशा येतील?” असें ती म्हणाली. हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ ह्यांनीं खेडोपाडीं हिंडून बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हें मीं वाचलें होतें. परक्या माणसांनीं इतकें केलें. आणि पहाटेच्या झोपेंत ज्या ओव्या मीं वर्षानुवर्षें ऐकल्या, त्यांतली एकही मीं टिपून ठेवली नव्हती. हें नुकसान आतां भरून येणारें नाहीं.

ह्यावरून जें समजलें तें तुम्हांस सांगतों. कृतज्ञता ही नुसती मनांत दाटून येणारी भावना नव्हे. ती करावयाची गोष्ट आहे, आणि ती वेळेवर करावी लागते. पितरांच्या घागरीला एक दिवस उशीर झाला तर पितर रागावतात कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं. जिवंत माणसाच्या देण्याला उशीर झाला, तर त्यांतलें कांहीं कायमचें बुडतें.

आणखी एक गोष्ट. ताईच्या त्यागाचे गोडवे गाऊन मोकळें होण्याचा मोह मला झाला होता. परंतु त्यागाची स्तुति करतांना आपण पुष्कळदां तो त्याग दुसऱ्या कोणाकडून मागण्याची तयारी करीत असतों. ताईनें शाळा सोडली ती दुष्काळामुळें हें खरें. पण चौघां भावंडांत शाळा तिचीच कां सुटली, हा प्रश्न दुष्काळानें विचारला नव्हता, आमच्या घरानें तो आधींच सोडवून ठेवला होता. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २०१० च्या १ एप्रिलपासून लागू आहे. तरीही पिकाच्या हंगामांत कोणाच्या घरीं कोणतें मूल घरीं राहतें, हें आपलें आपण पाहावें. ताईच्या नातीची शाळा कोणत्याही कारणानें सुटूं द्यायची नाहीं, असें आम्ही भावांनीं मिळून ठरविलें आहे. तें उपकार म्हणून नव्हे. तो जुन्या देण्याचा पहिला हप्ता आहे.

श्रोतेहो, हें भाषण संपल्यावर आपल्या घरांत एकदां नजर फिरवा. चूल पेटविणारे हात, तुमची वाट पाहत ओसरीवर बसलेलें माणूस, तुमच्या आधीं उठणारें आणि तुमच्या मागून जेवणारें माणूस. त्यांच्यापाशीं बसा, त्यांना कांहीं विचारा, आणि जें सांगतील तें शेवटपर्यंत ऐका. 

ती पाटी आतां आमच्या ओसरीवर टांगलेली आहे. खरवडलेल्या जागीं ताईचें नांव पुन्हा कोरून द्यावें, असें माझ्या मनांत होतें. परंतु ताईनें खिळा माझ्या हातांतून घेतला आणि नांव स्वतःच कोरलें. अक्षर थोडें वांकडें आलें आहे, पण लांबूनही वाचतां येतें.