बांध फोडायचा नाही

(शहादा तालुक्यातल्या शिबिरात केलेलं भाषण)



मागच्या बैठकीत पोरं म्हणाली, शेठचा मातीचा बांध एका रात्रीत फोडून टाकू. त्यांचा राग मला कळतो. पण मी विरोध करायला उभा आहे.

तो बांध घातला कोणी? १९७२ च्या दुष्काळात आपल्याच माणसांनी. मी तेव्हा लहान, आईबरोबर पाट्या उचलायचो. आधी नाल्यात खोल चर खणला, त्यात काळी माती भरली, पाणी मारून धुमसानं ठोकली. म्हणून खालून पाणी पळत नाही. बाहेरून मुरूम, पाण्याच्या अंगाला दगड. मजुरी काय मिळाली ते म्हाताऱ्यांना विचारा.

आज त्यावर शेठचा गहू होतो, इंजिन रात्रंदिवस चालतं. पण बांधाखालच्या आपल्या दोन विहिरींना मार्चपर्यंत पाणी राहतं, ते त्याच पाझराचं. अंबाडी आपण तिथंच भिजवतो, गुरं तिथंच पितात, पोरं मासे धरतात. बांध गेला तर शेठ नवी विहीर खणेल. आपण काय खणणार?

आता जमिनीचं. बुडालेलं शेत आपल्याच भिल्ल घराचं होतं. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगर-आदिवासीकडे गेलेली जमीन परत देण्याचा कायदा १ नोव्हेंबर १९७५ पासून लागू आहे. पण त्यात मेख आहे. जमीन परत घेताना शेतसाऱ्याच्या ४८ पट रक्कम, आणि वर समोरच्यानं केलेल्या सुधारणांची किंमत आपण भरायची. शेठ हा बांधच सुधारणा म्हणून दाखवणार! आपल्या घामाचे पैसे आपल्याकडूनच घेणार. म्हणून कोणी किती दिवस माती वाहिली, मजुरी किती मिळाली, हे मी वहीत लिहून घेतोय. एकोणीस जणांचं झालं. बाया अजून पुढे येत नाहीत, आणि पाट्या तर त्यांनीच जास्त वाहिल्या.

आणखी एक. जास्त पाणी तुंबावं म्हणून शेठनं यंदा सांडव्यावर पोती रचलीत. मातीच्या बांधावरून पाणी वाहिलं की बांध टिकत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पुणं बुडालं, तेही धरण मातीचंच होतं. आपला बांध छोटा, पण त्याच्या खाली वस्ती आपली आहे. पाऊस लागायच्या आत पोती निघाली पाहिजेत.

त्याचा अर्ज बाजाराच्या दिवशी तहसीलदाराकडे द्यायचा आहे. ज्यांच्याकडे जुना सातबारा असेल त्यांनी आणावा. अंगठे घ्यायचेत, शाई मी आणतो.